नासाला खुले पत्र: याला बलिदान म्हणू नका

ह्यूस्टन, १४ सप्टेंबर २००३

नासाचे प्रशासक, शटल कार्यक्रमाचे व्यवस्थापक आणि उड्डाणाच्या निर्णयांवर सह्या करणारे सर्व अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत मी रीतसर पोस्टात टाकली आहे. ही मराठी प्रत तुमच्यापैकी कुणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. पण १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कोलंबिया हे शटल यान आभाळात फुटलं आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले, तेव्हा सांगली-साताऱ्यापासून न्यू जर्सीपर्यंत जी मराठी माणसं टीव्हीसमोर बसून रडली, त्यांनाही मी तुम्हाला काय लिहिलंय ते कळायला हवं. त्यांना साक्षीला बसवून तुमच्याशी बोलते आहे असं समजा.

त्या शनिवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आईचा सांगलीहून फोन आला. आई स्वतःहून फोन करत नाही, आयएसडीच्या बिलाची तिला धास्ती असते. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते, पौषातली अवस होती, आणि टीव्हीवर टेक्सासच्या निळ्या आभाळात एका रेघेच्या चार-पाच रेघा होताना दाखवत होते. "अगं, तुमच्या गावातली ती मुलगी," एवढंच बोलून ती थांबली. मग बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "कुणालाच ठाऊक नव्हतं का गं?"

मी म्हटलं, "नाही आई. कुणालाच नाही. हे असं अचानकच होतं."

हे माझं वाक्य गेले तीन आठवडे माझ्या घशात अडकलं आहे. २६ ऑगस्टला अॅडमिरल गेहमन यांच्या चौकशी मंडळाच्या अहवालाचा पहिला खंड आला. २४८ पानं. गणपती पाच दिवसांवर आले होते, घरात आरास अर्धवट पडली होती आणि मी रोज रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसत होते. मूर्ती बसली त्या दिवशी माझा अहवाल वाचून झाला होता. आरती म्हणताना लक्ष लागलं नाही, हे कबूल करते.

मी कोण, तर कुणीच नाही. तुमची कर्मचारी नाही, मृतांची नातेवाईक नाही. ह्यूस्टनच्या शिप चॅनलच्या काठी तेल आणि रसायनांचे कारखाने आहेत, तिथे प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाखाली चालणाऱ्या टाक्या, तपासायचं काम मी करते. भिंतीची जाडी मोजायची, वेल्डचे एक्स-रे बघायचे आणि 'चालवायला हरकत नाही' या ओळीखाली सही करायची. १९८२ साली कल्पना चावला चंडीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून एरोनॉटिकल घेऊन बाहेर पडली. त्याच सुमारास मी महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात साठ मुलांमध्ये दोन मुलींपैकी एक होते. वर्कशॉपचे सर आम्हा दोघींना म्हणायचे, फाइल घासणं तुमचं काम नाही, तुम्ही आपल्या जर्नल सुंदर लिहा. १९९७ मध्ये कल्पना याच कोलंबियातून पहिल्यांदा वर गेली तेव्हा मला त्या सरांना पोस्टकार्ड टाकावंसं वाटलं होतं. टाकलं नाही. तिला मी कधी भेटले नाही. भेटावं असं वाटलंही नाही. ती तिथे आहे, एवढं पुरेसं होतं.

तुमच्याविषयी राग आहे, पण तो एका फोमच्या तुकड्यावरून नाही. यंत्र मोडतं. माझं पोटच मोडणाऱ्या यंत्रांवर चालतं. १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आत बाहेरच्या मोठ्या इंधनटाकीवरचा उष्णतारोधक फोम सुटला, सुमारे पाऊण किलोचा, आणि ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगानं डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. परत येताना ज्या कडेला साडेसोळाशे अंश सेल्सियसपर्यंत उष्णता झेलायची असते, तिला भोक पडलं. इथवरच्या गोष्टीला मी अपघात म्हणेन. त्यानंतर यान सोळा दिवस वर होतं. माझं भांडण त्या सोळा दिवसांशी आहे, आणि त्याआधीच्या बावीस वर्षांशी.

बावीस वर्षांचं आधी सांगते. १९८१ च्या पहिल्या उड्डाणापासून फोम सुटत होता. टाकीवरून काहीही सुटून यानावर आदळता कामा नये, अशी तुमचीच अट होती. ती अट पुन्हा पुन्हा मोडली आणि फोम पडूनही यान सुखरूप उतरत राहिलं, म्हणून अट मोडणं हीच रीत झाली. ऑक्टोबर २००२ मध्ये अटलांटिस या दुसऱ्या शटल यानाच्या वेळी त्याच जागेचा फोम सुटून बाजूच्या बूस्टर रॉकेटवर आदळला, खाच पडली. त्यानंतरच्या उड्डाणाआधी ही बाब तुम्ही गंभीर बिघाडांच्या यादीत घातली नाही आणि कारण शोधायला पुढची तारीख दिली. ती तारीख कोलंबियाच्या उड्डाणानंतरची होती. आमच्याकडे बायका म्हणतात, रोज मरे त्याला कोण रडे. तुमच्याकडे रोज पडणाऱ्या फोमचं तेच झालं.

आता सोळा दिवस. उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या माणसांनी फिल्म पाहिली आणि ते दचकले. पंखाचे फोटो हवेत, लष्कराच्या उपग्रहांकडून किंवा दुर्बिणींकडून काढून मिळावेत, अशी मागणी तीन वेगवेगळ्या वाटांनी झाली. तिन्ही मागण्या विरल्या. २२ जानेवारीला संरक्षण खात्याकडे गेलेली विनंती तासा-दीड तासात मागे घेतली गेली. का, तर ती योग्य खिडकीतून आली नव्हती. मागणी खरी आहे का, हे विचारण्याऐवजी मागणी कुणाच्या अधिकारात बसते हे विचारलं गेलं. ज्यांना फोटो हवे होते त्यांना सांगितलं गेलं की ते अत्यावश्यक आहेत हे सिद्ध करा. पंखाला भोक आहे हे सिद्ध करायला फोटो हवे आणि फोटो मिळायला पंखाला भोक आहे हे सिद्ध करायला हवं! सरकारी कचेरीत रेशनकार्डासाठी खेटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा फेरा समजावून सांगावा लागणार नाही.

मोहिमेच्या व्यवस्थापन मंडळानं रोज बैठक घ्यावी असा तुमचा नियम आहे. सोळा दिवसांत पाच बैठका झाल्या. मध्ये मार्टिन ल्यूथर किंग दिनाची मोठी सुट्टी आली होती. काही आदळलं तर किती इजा होईल ते सांगणारं 'क्रेटर' नावाचं गणिती साधन लहान लहान तुकड्यांसाठी बनवलेलं होतं. हा तुकडा त्या तुकड्यांच्या शेकडो पट मोठा. तरी ते वापरलं. त्यानं यानावरच्या उष्णतारोधक टाइलच्या आरपार इजा जाईल असं उत्तर दिलं, तेव्हा ते साधन नेहमी जास्तच दाखवतं म्हणून उत्तर बाजूला ठेवलं. साधनावर विश्वास नव्हता तर वापरलं कशाला? आणि बैठकीतला सूर असा, की तसंही आपल्याला फारसं काही करता येणार नाही.

करता आलं असतं. हे मी म्हणत नाही, चौकशी मंडळाच्या सांगण्यावरून तुमच्याच लोकांनी केलेला अभ्यास म्हणतो. अटलांटिस १ मार्चच्या उड्डाणासाठी तयार होत होतं. दिवसरात्र काम केलं असतं तर एकही आवश्यक तपासणी न गाळता १० फेब्रुवारीपर्यंत ते सोडता आलं असतं. कोलंबियातली हवा शुद्ध ठेवणारी सामग्री जपून वापरली तर १५ फेब्रुवारीच्या सकाळपर्यंत पुरली असती. पाच दिवसांची फट. कदाचित नसतेही वाचले. अटलांटिसवरही फोम पडला असता, हेही मी जाणते. पण त्या पाच दिवसांसाठी जीव टाकणारी हजारो माणसं तुमच्याकडे होती. त्यांना कुणी हाकच मारली नाही.

या सगळ्यात मला सर्वात जास्त लागली ती एक साधी ईमेल. २३ जानेवारीला जमिनीवरून कमांडर रिक हजबंड आणि पायलट विल्यम मकूल यांना फोमबद्दल कळवलं गेलं. मजकुराचा आशय असा: ही गोष्ट सांगण्याच्या योग्यतेचीही नाही, पण मुलाखतीत एखाद्या बातमीदारानं विचारलं तर तुम्ही गोंधळू नये म्हणून सांगतो; परतीच्या प्रवासाची अजिबात चिंता नाही. म्हणजे ज्यांचा जीव त्या पंखावर होता त्यांना माहिती मिळाली ती पत्रकारांना उत्तर देता यावं म्हणून. त्याच दिवसांत जमिनीवरचे अभियंते फोटोंसाठी धडपडत होते, ही अर्धी गोष्ट त्यात नव्हती.

म्हणून सांगते, याला बलिदान म्हणू नका. गेल्या सात महिन्यांत श्रद्धांजलीच्या सभांतून हा शब्द मी इतक्यांदा ऐकला, इंग्रजीत, हिंदीत, आपल्या मराठी मंडळाच्या सभेतही, की त्याची शिसारी आली. बलिदान देणाऱ्याला आपण काय देतोय ते ठाऊक असावं लागतं. हजबंड, मकूल, मायकल अँडरसन, डेव्हिड ब्राउन, कल्पना चावला, लॉरेल क्लार्क, इलान रामोन, या सातही जणांनी उड्डाणाचा धोका उघड्या डोळ्यांनी पत्करला होता. पण पंखावर काहीतरी आदळलंय, आमच्यात मतभेद आहेत, तुमचं काय म्हणणं आहे, असं त्यांना विचारलं का? त्यांच्यात दोन डॉक्टर होते, चाचणी वैमानिक होते, विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहात डॉक्टरेट घेतलेली कल्पना होती. या विषयावर बोलण्याचा जगात सर्वात जास्त हक्क असलेली सात माणसं त्याच यानात बसली होती.

तुम्ही कट केला, सगळं ठाऊक असून लपवलं, असं बोलणारे भारतात आणि इथेही भेटतात. माझं तसं म्हणणं नाही. तुमच्या अधिकाऱ्यांना मनापासून वाटत होतं की काही झालेलं नाही. पण न कळणं वेगळं आणि कळून न घेणं वेगळं. आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठेतरी आहे, आणि ते फोनवर सांगणं फार कठीण आहे.

हे मी सोवळ्यात बसून लिहीत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी, नाव न सांगता सांगते, एका कारखान्यात शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवतात त्या काळाच्या, शेवटच्या आठवड्यात एका व्हेसलच्या नोझलच्या, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाच्या, वेल्डबद्दल मला शंका आली. पुन्हा एक्स-रे काढा म्हटलं. तिथला साहेब अगदी गोड माणूस, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला भेट पाठवणारा. तो म्हणाला, चार दिवसांत प्लँट सुरू व्हायचाय, तडा आहे असं दाखव, मग काढू. मी दाखवू शकले नाही. सही केली. पुढच्या वर्षी उघडलं तेव्हा तडा भिंतीच्या अर्ध्याहून जास्त आत गेलेला होता. काही झालं नाही, एवढंच. घरी येऊन मी कुणालाही काही बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. तुमच्या रॉडनी रोचा या अभियंत्यानं फोटो नाकारण्यावर कडक ईमेल लिहिली, ती छापून सहकाऱ्यांना दाखवली आणि वर पाठवली मात्र नाही, हे अहवालात वाचलं तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवून थोडा वेळ अंगणात जाऊन उभी राहिले. त्याच्या जागी मी असते तर मीही पाठवली नसती. जिथे शंका घेणाऱ्याला पुरावा मागतात आणि 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्याला मागत नाहीत, तिथे भली माणसं अशीच गप्प बसतात. चॅलेंजर हे शटल यान उड्डाणातच फुटलं त्याच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ ला, थंडीत बूस्टरच्या सांध्यांतल्या रबराच्या रिंगा कडक होतील म्हणणाऱ्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. अवकाशात गेलेल्या पहिल्या अमेरिकन महिला सॅली राइड दोन्ही अपघातांच्या चौकशांत होत्या. तोच प्रतिध्वनी त्यांनी ओळखला, आणि अहवालात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. सतरा वर्षांत तुम्ही रिंगा बदलल्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी मी गाडी काढून पूर्व टेक्सासात हेम्फिलला गेले होते. हजार-अकराशे वस्तीचं गाव. आपल्याकडे एखाद्या वाडीत जत्रेला जमावीत तेवढी माणसं रोज सकाळी शोधाला जमत. हाताच्या अंतरावर एक अशी रांग, पाइनची गच्च झाडी, काटेरी वेली, भिजलेले मोजे. तुकडा दिसला की हात लावायचा नाही, खूण करायची आणि ओरडायचं. मला दीड दिवसात तळहाताएवढी एक काळी टाइल दिसली. गावच्या बायका माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सगळ्यांना रांधून वाढत होत्या, एक पैसा न घेता. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती. एका आजीबाईंनी चटणीचा घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरी दशमी मागून घेतली. माझ्या आईची आठवण झाली मला. त्या आजीबाईंनीही तेच विचारलं, कुणालाच ठाऊक नव्हतं का? त्यांनाही मी तेच सांगितलं.

पुढे पंचवीस हजारांवर माणसं त्या शोधात राबली, ८४ हजारांच्या आसपास तुकडे गोळा झाले. यानाच्या वजनाचा तो चाळीस टक्क्यांहूनही कमी भाग. सातही जणांचे देह त्याच रानात मिळाले. २७ मार्चला शोधाचं हेलिकॉप्टर कोसळून ज्यूल्स मायर आणि चार्ल्स क्रेनेक हे दोघे गेले. एप्रिलच्या शेवटी बातमी आली की अवशेषांतल्या एका डब्यातले प्रयोगाचे सूत्रकृमी जिवंत निघाले. आईला सांगितलं तर म्हणाली, "किडे वाचले?" आणि पुढे काहीच बोलली नाही.

अशा लोकांसमोर तुमच्या कार्यक्रम व्यवस्थापकांनी पहिल्याच आठवड्यात फोममुळे एवढं नुकसान होईल असं पटत नाही म्हणून सांगितलं. चौकशी सुरू होत होती. ७ जुलैला सॅन अँटोनियोत तसाच फोम पंखाच्या कडेच्या तशाच पॅनेलवर तोफेतून सोडला, तेव्हा सोळा इंचांचं भोक पडलं. त्यानंतर तरी त्या पहिल्या आठवड्यातल्या वाक्याबद्दल दिलगिरी यायला हवी होती.

पैशाचा मुद्दा तुमच्या बाजूनं आहे, तो मान्य करते. दहा-बारा वर्षांत शटल कार्यक्रमाची खर्चाची ताकद चाळीस टक्क्यांनी घटली, त्याचा जाब अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, आणि व्हाइट हाउसनं द्यावा. पण व्यवस्थापकांच्या संगणकांवर १९ फेब्रुवारी २००४ या तारखेपर्यंत सेकंद मोजणारा स्क्रीनसेव्हर काँग्रेसनं लावला नव्हता. अवकाश स्थानकाचा एक ठरलेला भाग त्या दिवशी वर जायचा होता, म्हणून घड्याळ चालू होतं. तारीख भिंतीवर टांगली की तपासनीस सर्वांचा शत्रू होतो. चार दिवस उरलेले असताना मी ते पाहिलं आहे.

तुमच्या प्रशासकांनी अहवालातल्या सगळ्या २९ शिफारशी स्वीकारल्या आहेत, त्यांतल्या १५ पुढच्या उड्डाणापूर्वी पुऱ्या करायच्या आहेत. छान. माझं मागणं त्यांच्या शेजारी ठेवा.

पंखाची कडा कक्षेत असताना तपासता येईल आणि निदान लहान भोक तरी तिथेच बुजवता येईल, तोवर एकही माणूस वर पाठवू नका. तारीख कुठलीही असो.

कुठल्याही अभियंत्यानं, तो कितीही खालच्या पायरीवरचा असो, फोटो किंवा तपासणी मागितली तर नकार लेखी द्या. नकारावर नाव, कारण आणि सही. आम्हाला 'हो' वर सही करावी लागते. 'नाही' वर कुणी करत नाही.

यानाबद्दल जमिनीवर मतभेद असतील तर ते त्याच दिवशी अंतराळवीरांना सांगा, दोन्ही बाजूंसकट. त्यांना घाबरवू नये ही सबब चालणार नाही.

चौकशी मंडळानं सुचवलेला स्वतंत्र तांत्रिक अधिकार नेमाल तेव्हा त्यातल्या माणसांचा पगार, बढती आणि बदली उड्डाणाच्या तारखा सांभाळणाऱ्यांच्या हातात ठेवू नका. नाहीतर तो नुसता फलक होईल. आणि व्यवस्थापन मंडळाच्या बैठकांची इतिवृत्तं प्रत्येक मोहिमेनंतर लोकांसाठी खुली करा, कुणी मागायची वाट न बघता.

सातजणांचं स्मारक जिथे जिथे उभाराल तिथे मायर आणि क्रेनेक यांचीही नावं घाला. हेम्फिलला जाऊन त्या बायकांना अहवाल समजावून सांगा, एखाद्या संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये. त्यांच्या रानात तुम्ही पडलात.

भारतानं चार दिवसांत आपल्या हवामान उपग्रहाला 'कल्पना-१' हे नाव दिलं. कर्नालच्या तिच्या शाळेत त्या संध्याकाळी मुलं ती उतरल्याचा आनंद साजरा करायला जमली होती. तिथून दरवर्षी दोन मुलं तिच्या आग्रहानं तुमच्याकडे उन्हाळ्यात येत. ती येणं बंद पडू देऊ नका. आणि आलेल्या मुलांना तिच्या फोटोसमोर उभं करून नुसती फुलं वाहायला लावू नका, २३ जानेवारीची ती ईमेलही दाखवा.

उत्तराची वाट बघते. इंग्रजीत चालेल. आईला मी मराठीत सांगेन.

आपली,
एक तपासनीस अभियंता
ह्यूस्टन, टेक्सास